जाळीच्या विणीच्या टॉपला कमरेत छान आकार कसा द्यायचा

जाळीचा टॉप विणताना बहुतेक जणी कमरेसाठी एकच गोष्ट करतात, दोन्ही बाजूंना कडेने टाके घटवत जायचं आणि कंबर झाली की परत वाढवत यायचं, साध्या सुलट विणीच्या स्वेटरला करतो तसंच. साध्या विणीत ते अगदी बरोबर आहे. पण जाळीत कडेचा प्रत्येक टाका कुठल्या तरी पानाचा नाहीतर लाटेचा भाग असतो, त्यामुळे दोन-तीनदा घट केली की कडेचं पान अर्धवट कापलं जातं, मग एखाद्या ओळीत भोक आहे पण त्याच्या जोडीची घट नाही, टाक्यांचा हिशोब चुकतो, आणि बाजूला नेमकं जिथे नजर जाते तिथे नक्षी विस्कटलेली दिसते. त्यामुळे माझं म्हणणं असं की जाळीत आकार कडेने कापून काढायचाच नाही, तो विणीच्या आतूनच काढायचा, जिथे विणीत आधीच मोकळी जागा आहे तिथून. असं करायचे तीन-चार रस्ते आहेत आणि कुठला रस्ता घ्यायचा ते तुमच्या नक्षीवर ठरतं.

पण त्याआधी माप, कारण खरा घोळ तिथेच होतो.

किती आकार हवाय ते आधी ठरवा

जाळीचं कापड मुळातच अंगावर पडतं, लोंबतं, त्यामुळे त्याला साध्या विणीएवढा आकार लागत नाही. छाती आणि कंबर यात अंगावर ८ इंचाचा फरक असला तरी टॉपमध्ये ३ ते ४ इंचाचा फरक पुरतो, बाकीचं काम कापड करतं. कमरेला एकदम टाइट केलं तर दोन गोष्टी होतात, एक म्हणजे तिथली भोकं ताणून मोठी होतात आणि आतलं सगळं दिसायला लागतं, आणि दुसरं म्हणजे टॉप वर सरकून कमरेवर घड्या पडतात. म्हणून कमरेत अंगाच्या मापापेक्षा निदान दीड-दोन इंच लूज ठेवा, छातीला मात्र लूज अगदी कमी ठेवलं किंवा ठेवलंच नाही तरी चालतं कारण जाळी ताणली जाते.

कंबर कुठे आहे हे नुसतं अंदाजाने ठरवू नका. एक बारीक इलॅस्टिक किंवा सुतळी पोटाभोवती बांधा आणि दोन-तीनदा बाजूला वाका, ती आपोआप जिथे जाऊन बसेल ती तुमची कंबर. आता काखेपासून त्या इलॅस्टिकपर्यंत सरळ खाली टेप लावून मोजा, आणि टॉपचा मुंडा खऱ्या काखेपेक्षा इंच-दीड इंच खाली असतो ना, तेवढं त्यातून वजा करा. हे जे येईल ते मुंड्यापासून कमरेपर्यंतचं अंतर. तिथून पुढे टॉप जिथे संपायला हवा तिथपर्यंतचं दुसरं अंतर, आणि जिथे टॉपची खालची बॉर्डर येणार तिथला घेरही मोजा, सीटचा सगळ्यात मोठा घेर नाही, बॉर्डर जिथे बसणार तिथलाच.

सॅम्पल तुकडा धुवा, वाळवा आणि टांगा

जाळीचा सॅम्पल तुकडा विणून लगेच मोजला तर ते माप काही कामाचं नाही. विणताना जाळी चुरगळलेली असते, धुवून टाचण्यांनी ताणून वाळवली की एकदम उघडते, रुंदीत आणि लांबीत दोन्हीकडे. तुकडा निदान ६ इंच रुंद करा, नक्षीचे दोन-तीन पूर्ण रिपीट (परत परत येणारा नक्षीचा एक गट म्हणजे रिपीट) त्यात बसले पाहिजेत, मग धुवून वाळवून मोजा. मोजताना टाके साध्या ओळीवर मोजा, म्हणजे ज्या ओळीत भोकंही नाहीत आणि घटही नाही, कारण काही नक्षींमध्ये टाक्यांची संख्या एका ओळीत वाढते आणि दोन ओळींनी परत जागेवर येते, मधेच मोजलं तर सगळा हिशोब फसतो.

आणि मग तोच तुकडा वरच्या कडेला क्लिपा लावून टांगून ठेवा, खाली थोडं वजन लावा, कपड्याचे दोन-चार चिमटे पुरतात, रात्रभर राहू द्या. सकाळी परत मोजा. हे का करायचं तर जाळीचा टॉप स्वतःच्या वजनाने खाली उतरतो, सुती दोऱ्याचा असेल तर चांगलाच उतरतो कारण सुताला लोकरीसारखी स्प्रिंग नसते. आणि जेवढा लांबीत उतरतो तेवढा रुंदीत आत येतो, हे लक्षात ठेवायला हवं. म्हणजे तुम्ही कमरेची जागा बरोबर मोजून विणली तरी घातल्यावर ती जागा खाली सरकते आणि टॉपचा सगळ्यात अरुंद भाग कमरेऐवजी नेमका पोटाच्या फुगीर भागावर येऊन बसतो, त्याच्याइतकं वाईट काही दिसत नाही. त्यामुळे अरुंद भाग मोजलेल्या कमरेपेक्षा अर्धा इंच वर घ्या, सुती किंवा बांबूच्या जड दोऱ्यात एक इंच वर. टांगलेल्या तुकड्याच्या मापाने ओळी मोजल्या तर हा अंदाज आणखी नेमका येतो.

हिशोब

पुढचे सगळे प्रकार एकाच उदाहरणावर सांगते म्हणजे तुलना करता येईल. समजा गोल सुईवर खालून वर विणताय, गेज आहे इंचाला ५ टाके आणि ७ फेऱ्या. टॉपची छाती ३६ इंच, कंबर ३२ इंच, खालची बॉर्डर परत ३६ इंच. तर छातीला ३६ गुणिले ५ म्हणजे १८० टाके, कमरेला १६०, फरक २० टाक्यांचा. बॉर्डरच्या टोकापासून कमरेपर्यंत ७ इंच म्हणजे ४९ फेऱ्या, कमरेपासून मुंड्यापर्यंत ६ इंच म्हणजे ४२ फेऱ्या.

एका फेरीत ४ टाके घटवले, म्हणजे प्रत्येक बाजूला २ (कडेने नाही, पुढे सांगितलेल्या बाजूच्या साध्या पट्ट्यात), तर ५ वेळा घट करावी लागेल. ४९ फेऱ्यांतल्या ११ बॉर्डरला गेल्या, ३८ उरल्या. त्यात आधी ६ फेऱ्या सरळ, मग दर ६ फेऱ्यांनी एक घट असं ५ वेळा, त्याला २५ फेऱ्या लागतात, आणि उरलेल्या ७ फेऱ्या म्हणजे एक इंच कमरेला सरळ विणायचा. हा सरळ इंच सोडू नका. घट संपली की लगेच वाढ सुरू केली तर बाजूला टोकदार कोपरा दिसतो, माणसाची कंबर अशी कोपऱ्यासारखी नसते. वरच्या ४२ फेऱ्यांत दर ८ फेऱ्यांनी वाढ ५ वेळा, त्याच्या ३३ फेऱ्या होतात, उरलेल्या ९ मुंड्याच्या आधी सरळ, कारण छातीचा सगळ्यात मोठा घेर मुंड्याच्या खाली सुरू होतो, अगदी मुंड्यापाशी नाही.

दर ६, दर ८ अशा सम संख्याच का घेतल्या तर जाळीच्या बहुतेक नक्षींत एक फेरी नक्षीची आणि एक फेरी साधी असते, सम अंतर ठेवलं की घट नेहमी एकाच प्रकारच्या फेरीवर पडते आणि चार्ट वाचताना डोकं शांत राहतं.

सगळ्यात सोपा रस्ता: टाके तेवढेच, सुई बदला

नक्षी जर अंगभर सलग असेल, मधे कुठेही साधी जागा नाही, तर टाक्यांना हातच लावू नका. तेच १८० टाके बारीक सुईवर विणा. समजा ४ मिलिमीटरच्या सुईवर इंचाला ५ टाके येतात आणि ३.२५ वर साडेपाच, तर १८० भागिले साडेपाच म्हणजे ३२.७ इंच. म्हणजे एकही टाका न घटवता सव्वातीन इंच कमी झाले, आणि नक्षीचा एक टाकासुद्धा हलला नाही. शिवाय बारीक सुईमुळे कमरेपाशी भोकं लहान होतात, कापड जरा दाट होतं, ते तिथे चांगलंच दिसतं.

एकदम ४ वरून ३.२५ वर उडी मारायची नाही. बॉर्डर झाल्यावर थोडं ४ वर, मग ३.७५ वर दोनेक इंच, मग ३.५ वर, कमरेला ३.२५, आणि परत त्याच पायऱ्यांनी वर. सुई साध्या फेरीवर बदला. आणि प्रत्येक सुईचं सॅम्पल करा, निदान जाड आणि बारीक अशा दोन टोकांच्या सुयांचं तरी, कारण प्रत्येकीचा हात वेगळा. लक्षात ठेवा की बारीक सुईवर फेऱ्यासुद्धा आखूड होतात, त्यामुळे कमरेच्या भागात फेऱ्या मोजून चालत नाही, टेप लावून इंच मोजा.

याची मर्यादा म्हणजे घेराच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त यातून मिळत नाही, त्यापुढे गेलं तर कमरेचा भाग कडक लागतो आणि बाकीच्या टॉपशी जुळत नाही. पण ३ इंच पुरेसे असतील तर मी तरी पहिल्यांदा हाच रस्ता घेईन.

उलट टाक्यांच्या पट्ट्या

माझा सगळ्यात आवडता प्रकार हा. बऱ्याच नक्षींमध्ये जाळीचे उभे पट्टे असतात आणि दोन पट्ट्यांच्या मधे २-३ उलट टाके असतात. नसतील तर तुम्ही स्वतः घालू शकता. हे उलट टाके मागे दबतात आणि खोलगट नाली तयार होते, आणि त्या नालीत केलेली घट कोणाला दिसतच नाही.

आपल्या उदाहरणात ७ टाक्यांची जाळी आणि ३ उलट टाके असा १० टाक्यांचा रिपीट घ्या, १८० मध्ये १८ रिपीट बसतात, ९ पुढे आणि ९ मागे. आता प्रत्येक नालीतला एक उलट टाका कमी केला, ३ चे २ केले, तर १८ टाके गेले आणि १६२ उरले, म्हणजे ३२.४ इंच. हवे होते ३२, झालंच की काम. आणि जाळी? ७ ची ७ च राहिली, पूर्ण टॉपभर एकही पान तुटलं नाही.

सगळ्या नाल्यांमध्ये एकाच फेरीत घट करू नका, त्याने त्या फेरीवर कमरपट्ट्यासारखी आडवी रेष उमटते. एक सोडून एक अशा ९ नाल्यांत एका फेरीला घट करा, आणि १२-१४ फेऱ्यांनंतर उरलेल्या ९ नाल्यांत. घट म्हणजे दोन उलट टाके एकत्र उलट विणायचे, बस. वाढवताना दोन टाक्यांमधला आडवा दोरा डाव्या सुईवर उचलून मागच्या बाजूने पीळ देऊन उलट विणा, पीळ दिला नाही तर तिथे नको असलेलं भोक पडतं.

यात आणखी एक फायदा आहे जो लोकांच्या लक्षात येत नाही, उभ्या पट्ट्या कमरेकडे एकमेकींच्या जवळ येतात आणि वर परत फाकतात, त्यामुळे प्रत्यक्षात साडेतीन इंचच कमी झाले असले तरी डोळ्याला कंबर त्याहून बारीक वाटते. आणि आकार सगळ्या अंगाभोवती सारखा वाटला जातो, दोन्ही बाजूंना ओढ बसत नाही.

एक मात्र सांभाळा, नाल्या फार रुंद ठेवल्या तर कापड रिबसारखं आखडतं, त्यामुळे गेज मोजताना जाळी अधिक नाली असा पूर्ण रिपीट मिळून मोजा, नुसती जाळी मोजू नका.

बाजूला साधा पट्टा

नक्षी मोठी असेल, २०-२५ टाक्यांचं एखादं पान किंवा मोराच्या पिसासारखं डिझाइन, तर ते पुढे आणि मागे मधोमध ठेवा आणि दोन्ही काखांखाली साध्या सुलट विणीचा उभा पट्टा ठेवा. सगळी घट-वाढ त्या पट्ट्यातच. प्रत्येक बाजूला १० टाके जाणार असतील तर पट्टा खाली निदान १४ टाक्यांचा हवा, म्हणजे कमरेला ४ उरतील. १४ म्हणजे पावणेतीन इंचाच्या आसपास, तर १८० पैकी २८ दोन पट्ट्यांना गेले आणि पुढे-मागे जाळीला ७६-७६ राहिले. तुमच्या नक्षीचा रिपीट ७६ मध्ये बसत नसेल तर पट्टा थोडा रुंद करा, नक्षीला कापू नका.

पट्ट्याच्या मधोमध मार्कर, म्हणजे खुणेची कडी, लावा. मार्करच्या आधी ३ टाके उरले की दोनाचा एक सुलट (दोन टाके एकत्र सुलट विणायचे), मग १ सुलट, मार्कर सरकवा, १ सुलट, मग पुढचे दोन टाके एकेक करून सुलट विणल्यासारखे उजव्या सुईवर सरकवून दोन्ही मागच्या बाजूने एकत्र विणा. पहिली घट उजवीकडे झुकते, दुसरी डावीकडे, दोन्ही मिळून मार्करच्या दोन बाजूंना छान सरळ रेषा दिसतात. दोन्ही घटींची अदलाबदल केली तरी टाके तेवढेच घटतील पण रेषा खडबडीत दिसेल.

इथे एक अडचण येते ती आधीच सांगते. साधी वीण आणि जाळी यांचं गेज सारखं नसतं, धुवून ताणल्यावर जाळी लांबीत जास्त उघडते आणि साधा पट्टा तेवढा लांबत नाही, मग बाजूचा पट्टा वर ओढल्यासारखा होतो आणि पुढचा-मागचा भाग खाली लोंबतो. म्हणून सॅम्पलमध्ये जाळी आणि साधा पट्टा शेजारी-शेजारी विणा, वेगवेगळे तुकडे करू नका, मग फरक तिथेच दिसेल. फार फरक असेल तर पट्ट्याच्या मधे भोकांची एक बारीक उभी रांग घाला, एक भोक आणि त्याला चिकटून एक घट, त्याने पट्टाही थोडा सैल होतो आणि दिसायलाही तो जाळीच्या घरातलाच वाटतो.

तुकडे वेगळे विणून शिवणार असाल तरी हेच, फक्त शिवणीत जाणारे कडेचे १-२ टाके वेगळे धरा, त्यांच्यात घट करू नका, त्यांच्या आतल्या टाक्यांत करा, म्हणजे शिवण सरळ येते.

खुद्द नक्षीतूनच टाके काढायचे

हे थोडं डोकं लावायचं काम आहे पण एकदा समजलं की कुठल्याही जाळीला लावता येतं. जाळीचा नियम एकच, प्रत्येक भोकामुळे एक टाका वाढतो आणि त्याच्या जोडीची घट तो परत काढते, म्हणून संख्या तेवढीच राहते. तर टाके कमी करायचे असतील तेव्हा घट करा पण भोक पाडू नका. वाढवायचे असतील तेव्हा भोक पाडा पण घट करू नका. वेगळी घट शोधायची गरजच नाही, ती नक्षीत आहेच.

उदाहरणासाठी शेटलंड बेटांवरची ती जुनी लाटांची जाळी घ्या, ओल्ड शेल म्हणतात ती, १८ टाक्यांची आणि ४ फेऱ्यांची. गोल विणताना पहिल्या दोन फेऱ्या सुलट, चौथी उलट, आणि सगळी गंमत तिसऱ्या फेरीत: तीनदा दोनाचा एक, मग सहा वेळा दोरा पुढे घेऊन १ सुलट, मग परत तीनदा दोनाचा एक. सहा घटी, सहा भोकं, १८ चे १८. आपल्या १८० टाक्यांत हे बरोबर १० वेळा बसतं.

आता कमी करायच्या फेरीत असं विणा: तीनदा दोनाचा एक, १ सुलट, चार वेळा दोरा पुढे घेऊन १ सुलट, १ सुलट, तीनदा दोनाचा एक. घटी सहाच आहेत पण भोकं चार, म्हणून १८ चे १६ झाले. यापुढे दर चार फेऱ्यांतल्या तिसऱ्या फेरीला १६ टाक्यांवर असं: २ सुलट, दोनदा दोनाचा एक, चार वेळा दोरा पुढे घेऊन १ सुलट, दोनदा दोनाचा एक, २ सुलट. लाट तीच, फक्त थोडी लहान. दहाही रिपीटमध्ये केलं की १८० चे १६० होतात, बरोबर ३२ इंच.

परत मोठं करायचं असेल तेव्हा कडेचे जे २-२ सुलट टाके आहेत त्यांच्या मधे एकेक टाका वाढवा, तिथे भोक नको, आडवा दोरा उचलून पीळ देऊन विणा, मधली नक्षी तशीच. १६ चे १८ झाले, पुढच्या नक्षीच्या फेरीपासून मूळची मोठी लाट सुरू. इथेही एकाच फेरीत सगळीकडे न करता एक सोडून एक रिपीटमध्ये आधी, आणि ८ फेऱ्यांनी बाकीच्यांत केलं तर बदल हळूहळू होतो.

ओल्ड शेल सोडून दुसरी नक्षी असेल तर आलेखाच्या कागदावर चार्ट काढा आणि कमरेचा सगळा भाग त्यावर आधी मांडून बघा. दर ओळीत भोकं किती आणि घटी किती ते मोजून बाजूला लिहा. मधे तीन टाक्यांचा एक आणि त्याच्या दोन बाजूंना दोन भोकं असा प्रकार असेल आणि कडेला त्यातला अर्धाच भाग बसत असेल, तर तिथे तिनाचा एक करायचा नाही, दोनाचा एक आणि एकच भोक. तेवढीही जागा नसेल तर भोक आणि घट दोन्ही सोडून साधं सुलट विणा. कडेला एकटं भोक किंवा एकटी घट कधीच राहू देऊ नका, जिथे तुम्ही मुद्दाम आकारासाठी ठेवलीय तेवढी सोडून.

आणि घट सुरू करायच्या आधीच्या साध्या फेरीत एक वेगळ्या रंगाचा गुळगुळीत बारीक दोरा सगळ्या टाक्यांमधून ओवून ठेवा, लाइफलाइन म्हणतात ती. काही बिघडलं तर तिथपर्यंत बिनधास्त उसवता येतं, जाळीचे सुटलेले टाके परत सुईवर पकडणं फार कठीण असतं. मार्कर ओवू नका त्यात, नाहीतर अडकतील.

आकार कुठे द्यायचा: बाजूला, मागे, की कुठेच नाही

पोट पुढे असेल तर पुढच्या भागात कमरेला काहीच करू नका, पुढचा भाग सरळ विणा आणि आकार पाठीत द्या. पाठीच्या ९० टाक्यांचे ३०-३०-३० असे तीन भाग करा, दोन्ही हद्दींवर एक साधा उभा पट्टा निदान ८ टाक्यांचा ठेवा, त्यात दर वेळी एकेक टाका घटवा, ६ वेळा केलं की १२ टाके म्हणजे जवळजवळ अडीच इंच निघतात. ब्लाउजला मागे टक्स घालतो ना, तसंच. पण पाठीतून याहून जास्त काढू नका, चार इंच पाठीतूनच काढले तर बाजूची रेष मागे ओढली जाते आणि पुढचा भाग बाजूला फिरतो.

छाती भरलेली असेल तर उलटं, पुढच्या भागात वाढ मागच्यापेक्षा जास्त घ्या, म्हणजे छातीच्या १८० पैकी पुढे ९६ आणि मागे ८४ असं काहीतरी, तुमच्या रिपीटमध्ये बसेल तसं. मागचं-पुढचं सारखंच असायला हवं असा काही नियम नाही.

धड आखूड असेल, म्हणजे काखेपासून कंबर ५ इंचावरच असेल, तर घट-वाढ दर ६-८ फेऱ्यांनी बसणारच नाही, घाईघाईने दर ४ फेऱ्यांनी केली तर आकार एकदम तिरका होतो. अशा वेळी सुई बदलायचा प्रकार किंवा नाल्यांचा प्रकार घ्या, त्यांना जागा कमी लागते. आणि अंगाला कमरेत मुळात फारसा फरकच नसेल तर २ इंच पुष्कळ झाले, किंवा छातीच्या लगेच खाली दाट विणीची दीड इंचाची पट्टी द्या आणि त्याखाली जाळी मोकळी सोडा, तेही फार सुंदर दिसतं.

कमरेवर आडवी रिबची पट्टी किंवा भोकांतून ओवलेली नाडी, हे प्रकार मला व्यक्तिशः तितकेसे आवडत नाहीत कारण उभ्या रेषा तिथे तुटतात आणि नाडी आवळली की चुण्या पडतात. ज्यांना आवडतं त्यांनी जरूर करा, नाडीच्या भोकांची फेरी मात्र साध्या दाट भागात ठेवा, जाळीच्या मधे नको.

नक्षीची निवडसुद्धा आकाराचंच काम करते. मोठी भोकं खांद्यापाशी आणि खालच्या घेराला, बारीक भोकं कमरेला. एकाच नक्षीत हे जमवायचं असेल तर कमरेच्या दोनेक इंचात नक्षीच्या दोन फेऱ्यांमधे एका साध्या फेरीऐवजी तीन साध्या फेऱ्या घाला. तिरक्या रेषांची, म्हणजे उलट्या व्हीसारखी नक्षी असेल तर तिची टोकं मधल्या रेषेत येतील अशी मांडा, टोक बाजूला सरकलं तर सगळा टॉप वाकडा भासतो.

मधेच घालून बघा, आणि शेवटी ब्लॉकिंग

कंबर झाली की टाके एका लांब जाड दोऱ्यावर किंवा दुसऱ्या गोल सुईवर घ्या आणि घालून बघा. त्याआधी जमलं तर तसंच दोऱ्यावर ठेवून धुवून वाळवा, न धुतलेली जाळी घालून काही कळत नाही, ती नेहमी घट्ट आणि आखूडच वाटते. वरून खाली विणत असाल तर हे आणखी सोपं, कंबर बरोबर जागी आली की नाही ते बघून पुढची लांबी ठरवता येते.

लोकरीचा टॉप असेल तर ब्लॉकिंगमध्येही, म्हणजे भिजवून मापात ताणून वाळवण्यातही, थोडा आकार मिळतो. कोमट पाण्यात भिजवून टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा, पिळू नका, सपाट जागेवर पसरून छाती आणि खालचा घेर मापाप्रमाणे ताणून टाचण्या लावा, आणि कमरेला न ताणता नुसतं हाताने सारखं करा. टाचण्या एका रांगेत जवळजवळ लावा, लांब-लांब लावल्या तर कडेला टोकं निघतात. सुती दोरा ताणून वाळवला तरी घातल्यावर परत आपल्या वजनाने उतरतो, आणि अॅक्रिलिक नुसतं ओलं करून फारसं बसत नाही, त्यावर गरम इस्त्री टेकवली तर कापड कायमचं लुळं पडतं. म्हणून या दोन्हींमध्ये आकार टाक्यांतूनच मिळवा.

आणि टॉप पूर्ण झाल्यावर कमरेत थोडा सैल वाटला तर उसवायला बसू नका. आतल्या बाजूने, कमरेच्या जागी, दोऱ्याच्याच रंगाचा बारीक इलॅस्टिक दोरा साध्या टाक्यांच्या मागून दोन-तीन फेऱ्यांत ओवा, अर्धा-अर्धा इंच अंतरावर, हलकेच ओढून गाठ मारा. भोकांच्या वरून न्यायचा नाही, नाहीतर बाहेरून दिसेल. इंच-दीड इंच सहज आत येतं, आणि दोरीवर टाकून ठेवण्याऐवजी टॉप नेहमी सपाट घडी घालून कपाटात ठेवलात, हॅंगरला टांगला नाहीत, तर ते माप टिकतंही.